बिल आहे कुठंतरी

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नीलाद्री रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये राहणारा मराठी कन्सल्टंट ओळखायचा असेल, तर त्याला त्याच्या खुर्चीची किंमत विचारावी. ‘बावीस हजार,’ तो क्षणात सांगतो. ‘बिल?’ म्हटलं की नजर छताकडे जाते. ‘आहे ना, कुठंतरी आहेच.’

काही वर्षांपूर्वी त्याने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली आणि तो स्वतःचा मालक झाला. मालक झाल्यावर कळलं की क्लायंट फी देतानाच दहा टक्के टीडीएस कापतात आणि आपलेच पैसे पुढे सरकारकडून मागून घ्यावे लागतात. तेव्हापासून विवरणपत्राचे दिवस आले की घरात बिलांचा शोध सुरू होतो. बायको आणि लेक त्या दिवसांत शक्यतो त्याच्या खोलीत जात नाहीत.

वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सगळी बिलं तारेला टोचलेली, कुकरच्या शिट्टीचंसुद्धा बिल सापडेल. चिरंजिवांकडे तार नाही, क्लाउड आहे. त्यात ‘बिल्स’, ‘बिल्स फायनल’ आणि ‘बिल्स फायनल नवीन’ असे तीन फोल्डर. पहिल्यात लेकीच्या गॅदरिंगचे फोटो, दुसऱ्यात मेहुण्याचं आधार कार्ड, तिसरा रिकामा. ब्रॉडबँडचं बिल येतं घरमालकाच्या नावावर. घरमालक भाडं आनंदाने घेतो, पावतीचा विषय निघाला की त्याला अचानक कन्नडशिवाय दुसरी भाषा कळेनाशी होते. यूपीआयच्या नोंदींत पैसे कोणाला गेले ते दिसतं, कशासाठी गेले ते दिसत नाही. सातशे रुपये की-बोर्डचे की बिर्याणीचे, यावर नवरा-बायकोत आजही एकमत नाही.

एका वर्षी मात्र त्याने निश्चय केला. प्रत्येक बिल नीट बुटाच्या खोक्यात टाकलं. वर्षअखेर खोकं उघडलं तर आत पांढरेशुभ्र कागद. थर्मल कागदावरची अक्षरं उडून गेली होती. ऊब दिली की अक्षरं परत दिसतात, असं त्याने कुठंतरी ऐकलेलं. त्याने इस्त्री फिरवली आणि यूपीएसच्या बॅटरीचं बिल डांबरासारखं काळं पडलं. लोक काळ्याचं पांढरं करतात. सचोटीच्या पैशाचं पांढऱ्याचं काळं करणारा माझ्या पाहण्यातला हा एकटाच.

शेवटी फोन पुण्याला जातो. बंगळुरूत सीए हवे तेवढे आहेत, पण कराचं दुःख मातृभाषेतच सांगता येतं. कोथरूडचे सीए काका वडिलांच्या वेळेपासूनचे.

‘काका, खुर्चीचं बिल मिळत नाहीये.’

‘मागितलंय कोणी?’

इथेच आमच्या माणसाचं खरं दुखणं आहे. कायद्याने त्याच्याकडे बिल मागितलेलंच नाही. आयकर कायद्यात २०१६ साली कलम ४४ एडीए आलं. माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, वकिली, वैद्यकी अशा ठरावीक व्यवसायांत वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची; उरलेली निम्मी सरकार न विचारता खर्च धरतं. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर २०२३ पासून ही मर्यादा ७५ लाख झाली. समजा, २०२५-२६ मध्ये त्याची जमा २० लाख. नफा धरला १० लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत यावर कर शून्य. कापलेले दोन लाख सगळे परत.

‘पण काका, माझा खरा खर्च?’

‘बोल, किती?’

खुर्ची, मॉनिटर, बॅटरी, ब्रॉडबँड, रिक्षा, क्लायंटला पाजलेली फिल्टर कॉफी, सगळं धरून बेरीज साडेतीन लाखांवर जात नाही. सरकार त्याला दहा लाखांचा खर्च बसल्या जागी देतंय आणि हा साडेतीन लाखांचा पुरावा शोधत पलंगाखाली शिरलाय! काका शांतपणे सांगतात, ‘अरे, निम्म्याहून कमी नफा दाखवायचा असेल, तर वह्या ठेव, ऑडिट करून घे. तुला निम्म्याहून जास्त दाखवायची हौस आहे का?’ त्याला हौस नाही, पण अपमान वाटतो. एवढं कष्टाने खर्च केलं आणि कोणी बघायलाही तयार नाही!

माणूस सरळ आहे, हे सांगायलाच हवं. ‘वाट्टेल तेवढा रिफंड काढून देतो, त्यातले काही टक्के माझे’ असं सांगणारा एजंट त्यालाही भेटला होता. याने त्याला दाराबाहेर काढलं. पुढे १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, तेव्हा त्याने ती बातमी सगळ्या ग्रुपांवर पाठवली. खाली लिहिलं, ‘म्हणूनच मी बिलं जपतो.’

आणि नशीब बघा. ज्याची सगळा देश वाट पाहतो तो रिफंड याच्या शेजारून निघतो. विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारं केंद्र, सीपीसी, होसूर रोडवर. सही केलेल्या पोचपावत्या टपालाने पाठवाव्या लागत, तेव्हा देशभरातून त्या ‘पोस्ट बॅग क्रमांक १, इलेक्ट्रॉनिक सिटी पोस्ट ऑफिस’ या पत्त्यावर येत. यंदा रिफंड रखडला तेव्हा खोकं काखेत मारून तिकडे जायला तो निघालाच होता. बायकोने अडवलं. तिथे करदात्याला कोणी समोर भेटत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही.

चौकशीअंती कळलं की बिलांचा यात काही संबंध नव्हता. विवरणपत्र भरून झाल्यावर ओटीपी टाकून ते ई-व्हेरिफाय करायचं असतं, तेवढं राहून गेलं होतं. ही मुदत पूर्वी १२० दिवस होती, ऑगस्ट २०२२ पासून ३० दिवस आहे. तुमचंही राहिलं असेल तर आज करून टाका. खुर्चीचं बिल नंतर शोधा.