काका, लाईट चालू आहे!

सायकलवाल्याला अपघात होतो तो गाडीवाल्यांना तो दिसत नाही म्हणून, असं कुठेतरी वाचलं आणि मी दिसण्याची जय्यत तयारी केली. पोपटी रंगाचं चकाकणारं जॅकेट, हेल्मेट, हँडलला छोटा आरसा, पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा लाल. "अहो, एवढ्यात सेकंडहँड स्कूटर आली असती," ही म्हणाली. "आणि हे घालून सोसायटीच्या पुढच्या गेटने जाऊ नका."

माझ्या आत्मविश्वासाला इतिहासाचा आधार होता. ऐंशीच्या दशकात मी टिळक रस्त्याने सायकलवर कॉलेजला जायचो. तेव्हा पुणं सायकलींचं होतं आणि स्कूटरवालाच बिचारा आमच्याकडे वाट मागायचा. भीती एकच, पोलिसाची. डबलसीट किंवा रात्री बिनदिव्याचं सापडलं की तो चाकातली हवा सोडायचा. मधल्या काळात हे शहर दुचाक्यांचं झालं, मग मोटारींचं, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पाठीमागे हातभर अंतरावर पीएमटीच्या बसचा हॉर्न ऐकणं वेगळं. (२००७ पासून ती पीएमपीएमएल आहे. पण धडकी भरते ती पीएमटीच्या नावानेच.)

तर, मी दिसलो. सगळ्यांना दिसलो. पहिल्याच चौकात एका बाईंनी स्कूटर शेजारी आणून सांगितलं, "काका, मागचा लाईट चालू राहिलाय." मी मान डोलावली. पुढच्या सिग्नलला एका पोराने सांगितलं. त्याच्या पुढच्याला एका आजोबांनी नुसतं सांगितलं नाही, तर वाकून तो बंद करून दिला. स्टँड आणि लाईट या दोन बाबतींत पुणेकर अनोळखी माणसाची जेवढी काळजी घेतो, तेवढी सख्ख्या भावाची घेत नाही.

जॅकेटचं वेगळंच झालं. कर्वे रस्त्याच्या कडेला पाणी प्यायला थांबलो तर एका मोटारवाल्याने काच खाली करून विचारलं, "इथे लावली तर चालेल ना?" मी नाही म्हणालो आणि तो निमूट पुढे गेला. आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलेलं नाही.

वळताना हात दाखवावा, हा नियम. मी डावा हात नीट लांब केला आणि शेजारून चाललेली रिक्षा कचकन थांबली. पुण्यात हात केल्यावर रिक्षा थांबणं ही घटनाच आहे, त्यामुळे मीही थांबलो. "कुठं जायचं? सायकल मागं बसंल," तो म्हणाला.

मी दिसत होतो, पण वाहन म्हणून नाही. यात लोकांचा फारसा दोष नसावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नाही. त्यामुळे तिला लायसन्स नाही, नंबर नाही, विमा नाही, आणि चौकातल्या हवालदारालाही माझ्यात काडीचा रस नाही. महापालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, आणि गेल्याही. सायकल ट्रॅक आहेत, पण त्यांवर आधीच कुणी ना कुणी असतं. एका ट्रॅकवरून मी मोठ्या ऐटीत निघालो तर आधी चहाची टपरी लागली, मग उभ्या केलेल्या मोटारसायकली, आणि शेवटी विजेचा डीपी. डीपीच्या पुढे ट्रॅक नव्हता.

मग मी सज्जन माणसाचा मार्ग धरला. एकदम डावीकडून, कडेला चिकटून, कुणाला आपला त्रास नको. रस्त्याच्या या पट्टीत काय काय असतं ते मोटारीतून कळत नाही. पावसाने वाहून आणलेली वाळू, चार बोटं खाली गेलेली चेंबरची झाकणं, सायकलचं टायर अलगद गिळेल अशा जाळ्या. आणि मी असा अंग चोरून चाललो की मागच्याला वाटायचं, हा बाजूला झालाच आहे, आता कोपर घासून गेलं तरी चालेल.

चौकात थांबलेल्या बसच्या डाव्या अंगाने पुढे सरकणं हाही या सज्जनपणाचाच भाग. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कापत येतात. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, त्याला डावा कोपरा धड दिसत नाही. हे सगळं मला नळ स्टॉपच्या सिग्नलला पुढच्या दारात उभ्या कंडक्टरने एका वाक्यात समजावलं: "ओ काका, वर यायचंय का वर जायचंय?"

दाराची गोष्ट जंगली महाराज रस्त्यावरची. हा रस्ता मी मुद्दाम निवडला होता. १९७६ साली नव्याने झाला आणि पुढे कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही, ही गोष्ट पुण्यात नातवंडांना सांगतात. खड्डा खरंच नव्हता. मी कडेला लावलेल्या गाड्यांना खेटून, ताशी पंधराच्या वेगाने चाललो होतो. म्हणजे सेकंदाला चार मीटर. समोर काही आलंय हे डोक्यात शिरून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि मोटारीचं दार उघडायला तेवढाही लागत नाही. त्या दाराच्या आतल्या कप्प्यात पाण्याची अर्धी बाटली आणि टोलच्या पावत्या होत्या, हे मी फार जवळून पाहिलं.

गाडीतले गृहस्थ उतरले आणि लगबगीने वाकले. दाराकडे. रंग गेला नसल्याची खात्री झाल्यावर त्यांनी माझी चौकशी केली. तोवर घोळका जमला होता. "या वयात कशाला काका?" असं एकजण म्हणाला. "हेल्मेट होतं म्हणून वाचले," असं दुसऱ्याने जाहीर केलं, वास्तविक मी पडलो होतो ते बसायच्या भागावर. एका मुलीने मुकाट्याने उतरलेली चेन बसवून दिली, हात काळे करून घेतले आणि जाता जाता म्हणाली, "काका, लाईट चालू आहे."

माझा भाचा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला असतो. व्हिडिओ कॉलवर त्याने मला सायकलसमोर उभं केलं. "मामा, उभ्या गाडीपासून किती लांबून जातोस?" मी वीतभर अंतर दाखवलं. तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "पूर्ण दार उघडलं तरी लागणार नाही इतकं, म्हणजे किमान एक मीटर. आणि रस्ता अरुंद असेल तर कडेला नाही, सरळ लेनच्या मधून चालव. मागच्याला ओलांडायचं असेल तर तो नीट बाहेरून जाईल. वाट मोकळी झाली की तू दे बाजू."

पुण्यात लेनच्या मधून सायकल चालवणं म्हणजे काय, हे आइंडहोवनमध्ये बसून कळत नाही. पण मी करून पाहिलं. हॉर्न वाजले, माझ्या वयाचा आणि अकलेचा उद्धार झाला, एका टेम्पोवाल्याने "रस्ता बापाचा आहे का?" हा सनातन प्रश्न विचारला. मात्र कोपराला घासून कुणी गेलं नाही. हल्ली मागून हॉर्न वाजला की मला बरंच वाटतं. वाजवणाऱ्याने मला पाहिलंय, एवढं तरी नक्की होतं. बससमोर मी आता एकतर स्पष्ट पुढे असतो, नाहीतर मुकाट मागे. शेजारी कधीच नाही.

हिने माझ्या वेगळ्या विम्याची चौकशी केली आहे, ती केवळ माहितीसाठी असं म्हणते.

बाकी राहता राहिले तुम्ही. माझ्या भाच्याच्या गावी मोटारीचं दार लांबच्या हाताने उघडायची पद्धत आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने डाव्या हाताने उघडायचं. आपोआप खांदा वळतो, मान मागे जाते आणि येणारा दिसतो. सिग्नलला डावीकडून उतरणार असाल तर हात उजवा. खर्च काही नाही, जॅकेटही लागत नाही. आजपासून तेवढं करा.