नील यंगसारखा न वाटणारा नील यंग

एखादा गायक संपला की नाही याचा निकाल चाहते बसल्या जागी लावत असतात. त्यासाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही. कॅनडात जन्मलेल्या नील यंगच्या नशिबात मात्र तेही होतं. १९८३ च्या अखेरीस त्याच्याच कंपनीने, गेफन रेकॉर्ड्सने, त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. आरोप काय, तर हा गृहस्थ खपणार नाही असं आणि आधीच्या स्वतःशी न जुळणारं संगीत देतो. थोडक्यात, नील यंग हल्ली नील यंगसारखा गात नाही, सबब नुकसानभरपाई मिळावी.

कंपनीचं दुःख अगदीच खोटं नव्हतं. तिने मोठ्या अपेक्षेने करार केला आणि हातात पडला ‘ट्रान्स’ हा अल्बम. त्यात यंगचा तो ओळखीचा, कातर, उंच आवाज व्होकोडर नावाच्या यंत्रातून गाळून निघालेला, जणू यंत्रमानवच प्रेमात पडलाय. चाहते हसले, काही चिडले. आपल्या बोलता न येणाऱ्या मुलाशी संवाद साधण्याची धडपड त्या गाण्यांत होती, हे यंगने नंतर सांगितलं तेव्हा हसणारे जरा गप्प झाले. पुढे त्याने कंट्री गाणी नेऊन दिली, ती कंपनीने परत केली आणि म्हटलं, जरा रॉक अँड रोल करा की. त्याने केलं. फक्त ते १९५० च्या दशकातलं केलं, जुन्या वळणाच्या ठेक्यात, आणि पंचवीस मिनिटांच्या आत आटोपलं. यंगने उलट २ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला, प्रकरण आपसात मिटलं, गेफनला माफी मागावी लागली. मूळ मुद्द्यावर निकाल काही लागला नाही. चाहते तो खटला आजतागायत चालवत आहेत.

यंग आता ऐंशीच्या घरातला. साहजिकच ‘वय झालं हो’ हा युक्तिवाद जोरात असतो. पण तो हरला, भरकटला, ही बोंब उठली तेव्हा तो २७ वर्षांचा होता! १९७२ च्या ‘हार्वेस्ट’ अल्बमने अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खप गाठला होता. पुढच्या वर्षी लोक तिकिटं काढून आले ते तीच गोड गाणी ऐकायला. रंगमंचावर अंधुक दिवे, एक प्लॅस्टिकचं ताडाचं झाड, आणि गायक ऐकवतोय ती कुणीच न ऐकलेली, बेसूर होत जाणारी, मद्याने जड झालेली गाणी. गिटारवादक डॅनी व्हिटन आणि साथीदार ब्रूस बेरी हे दोघे अमली पदार्थांपायी गेले होते, त्यांचा तो शोक होता. एकाच गाण्याने सुरुवात आणि शेवटही त्याच गाण्याने. फर्माईश करणाऱ्यांच्या पदरी काही पडलं नाही. १९७५ मध्ये ती गाणी ‘टुनाइट्स द नाइट’ म्हणून निघाली, आणि आज त्याचं नाव घेतल्यावर कान न पकडणारा चाहता विरळा.

या चाहत्यांना ‘रस्टी’ म्हणतात, ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ या १९७९ च्या अल्बमवरून. त्यांच्यात पंथ आहेत. एकाच्या मते १९९० च्या ‘रॅग्ड ग्लोरी’नंतर ऐकण्यासारखं काही नाही. दुसरा १९९५ पर्यंत सवलत देतो. तिसरा इतका कडवा, की ‘आर्क’मधला गिटारच्या घुमण्याचा पस्तीस मिनिटांचा कल्लोळसुद्धा तो डोळे मिटून ऐकतो. बाकी तक्रारी सगळ्यांच्या त्याच दोन: हा तेच तेच करतो, आणि हा पूर्वीसारखं का करत नाही? दोन्ही एकाच घोटभर बीअरमध्ये.

बचाव पक्षाची पंचाईत यंगच करतो. २०१४ हे एकच साल घ्या. एकीकडे तो एमपी३ने संगीताचा गळा घोटला म्हणून जगाला ओरडून सांगत होता, शुद्ध आवाजासाठी ‘पोनो’ नावाचं तिकोनी यंत्र काढत होता, आणि लोकवर्गणीतून त्यासाठी साठ लाखांहून अधिक डॉलर जमले होते. दुसरीकडे, नॅशव्हिलमध्ये संगीतकार जॅक व्हाइटच्या दुकानातल्या, टेलिफोन बूथएवढ्या १९४७ च्या ध्वनिमुद्रण-पेटीत बसून त्याने अख्खा अल्बम गायला. तो ऐकताना वाटतं, आजोबांच्या माळ्यावरची तबकडी लागली आहे. वर्ष सरता सरता नव्वदहून जास्त वादक-गायकांचा ताफा घेऊन आणखी एक. सत्तरीला टेकलेला माणूस! त्याआधी २००९ मध्ये, आपली १९५९ ची लिंकन गाडी विजेवर चालवण्याच्या नादात त्याने त्याच विषयावर एक अल्बम काढला होता. पुढच्या वर्षी गोदामात त्या गाडीला आग लागली. अल्बम बचावला याचं दुःख झालेले रस्टीही असतील.

प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल, तर या शतकातल्या त्याच्या ढिगातून निम्मं निर्दयपणे काढता येईल. पण २०१२ चं एक सत्तावीस मिनिटांचं गाणं काढायला हात धजणार नाही. मध्ये उठून चहा टाकून, गाळून, परत येऊन बसलं तरी ते चालूच असतं आणि तरी हवंसं वाटतं.

खरी गोची केली ती २०२० मध्ये. त्या वर्षी ‘होमग्रोन’ आला: सुरेल, प्रेमभंगाची, अगदी ‘हार्वेस्ट’च्या वळणाची गाणी. चाहत्यांनी टोप्या उडवल्या. गाणी होती १९७४-७५ ची. त्या काळी मित्रमंडळींना त्याने हा अल्बम आणि ‘टुनाइट्स द नाइट’ लागोपाठ ऐकवले होते, आणि ‘द बँड’च्या रिक डँकोने तो दुसरा, ओबडधोबड अल्बम काढायला सांगितलं. म्हणजे लोकांना हवा तो नील यंग पंचेचाळीस वर्षं कपाटात होता आणि किल्ली खुद्द नील यंगकडे होती. मग हा अल्बम कुणाच्या नावावर मांडायचा, एकोणतिशीतल्या पोराच्या की चौऱ्याहत्तरीतल्या म्हाताऱ्याच्या, यावर रस्टींमध्ये जुंपणं ओघानेच आलं.

त्या वादाचा धुरळा बसतोय तोवर २०२५ मध्ये ‘टॉकिन टू द ट्रीज’ आला, नव्या ताफ्यासह, ज्यात विली नेल्सनचा मुलगा गिटारवर आहे. त्यातलं एक गाणं यंगच्या दौऱ्याच्या बसवर आहे आणि त्याची चाल वुडी गथ्रीच्या सर्वांना पाठ असलेल्या गाण्याची आहे. सरळ उचललेली, लपवाछपवी न करता. एक पंथ म्हणतो, पाहा, चालीही संपल्या. दुसरा म्हणतो, लोकसंगीत असंच चालतं, गथ्रीनेही ती चाल दुसरीकडूनच घेतली होती. पुढच्या अल्बमपर्यंत त्यांची सोय झाली आहे.