लाल दिव्याचे शास्त्र

कोकणातील गावच्या घरासाठी इंटरनेटची जोडणी निवडण्याचा प्रश्न साधारणतः श्रावणात उपस्थित होतो, कारण गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांपैकी निम्म्यांना रजा मिळालेली नसते आणि आरती व ऑफिसची मीटिंग एकाच माजघरातून पार पाडण्याचे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. शहरातील सवयीप्रमाणे ते प्रथम वेगाची चौकशी करतात. वेग म्हणजे एका सेकंदात किती दशलक्ष बिट ये-जा करतात याचे माप, आणि ते एमबीपीएसमध्ये सांगितले जाते. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान 2 एमबीपीएस वेग हवा, असे केंद्र सरकारने 2023 साली ठरवले, आणि मुंबईच्या साहेबांना तोंड दाखवण्यापुरते काम तेवढ्यातही बेताने भागते. गावात वेगापेक्षा खंडाची चिंता मोठी असते: नेट किती वेळा जाते, गेल्यावर किती दिवस जाते आणि ते परत आणण्यासाठी कोणाच्या पाया पडावे लागते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कंपनीच्या पत्रकात छापलेली नसतात.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा मार्ग मोबाइलचा. टॉवरपासून निघालेल्या लहरी शक्यतो सरळ रेषेत धावतात. 700 किंवा 900 मेगाहर्ट्झसारख्या कमी कंप्रतेच्या लहरी डोंगराच्या कडेला थोडा वळसा घालू शकतात, अधिक कंप्रतेच्या लहरींना ते फारसे जमत नाही. कोकणातील वाड्या मात्र पाण्याच्या सोयीने डोंगराच्या पायथ्याशी वसल्या, आणि पुढे टॉवरवाल्यांची पंचाईत होईल हे पूर्वजांच्या ध्यानात आले नाही. त्यात घर चिरेबंदी असेल, तर पावसात भिजलेल्या जांभ्याच्या जाड भिंती उरलीसुरली रेंज पिऊन टाकतात. परिणामी प्रत्येक घरात रेंजचे एक मान्यताप्राप्त ठिकाण ठरून गेलेले असते, मग ती माळ्याच्या जिन्याची वरून दुसरी पायरी असो, विहिरीचा काठ असो किंवा पडवीच्या खिडकीचा डावीकडचा गज असो. त्या गजाला प्लास्टिकच्या पिशवीत एक जुना मोबाइल टांगलेला असतो, त्याचा हॉटस्पॉट चालू असतो, म्हणजे स्वतःकडे आलेले नेट तो आसपासच्या यंत्रांना वाटत असतो, आणि देवापुढच्या समईइतकीच त्यालाही हात न लावण्याची ताकीद मुलांना दिलेली असते. ही व्यवस्था वर्षभर बरी चालते. गणपतीत वाडी भरली, की एरवी ज्या टॉवरवर चार म्हातारी माणसे नातवंडांशी बोलत असतात त्याच्यावर शेकडो मोबाइल एकदम तुटून पडतात, आणि टॉवरची क्षमता सर्वांत विभागली जात असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला पडद्यावर गरगरणारे एक चक्र तेवढे येते. 2020 च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर खोप उभारून अभ्यास केला, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्या जिद्दीचे रास्त कौतुक केले. पण तिथे नेमकी कोणत्या कंपनीची रेंज येते, हा प्रश्न गावोगावच्या वाचकांना त्याआधी पडला असल्यास नवल नाही.

दुसरा मार्ग एअरफायबरचा. यात घराबाहेर उंचावर बसवलेला एक अँटेना टॉवरकडून 5जी लहरी घेतो आणि तारेने घरातल्या डब्यापर्यंत पोचवतो. घरातल्या मोबाइलपेक्षा त्याची उंची आणि ग्रहणशक्ती अधिक असते, एवढाच त्याचा चमत्कार. जिओने ही सेवा 19 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे नेमकी गणेश चतुर्थीला सुरू केली, यावरून कंपन्यांनाही पंचांग कळते असे मानण्यास हरकत नाही. अडचण फणसाची आहे. टॉवर आणि अँटेना यांच्यामध्ये घनदाट पानांचे झाड आले, की सिग्नल पडतो आणि पाने ओली असली की अधिकच पडतो. आणि आजोबांनी लावलेला फणस नातवाच्या मीटिंगसाठी तोडण्याचा ठराव आजवर कोणत्याही घरात मंजूर झालेला नाही. मग लोखंडी पाइप उंच करण्यासाठी माणूस छपरावर चढतो आणि कौले फुटतात.

तिसरा मार्ग फायबरचा, आणि जिथे तो उपलब्ध आहे तिथे तोच श्रेष्ठ, याविषयी मतभेदाला जागा नाही. यात सुमारे 9 मायक्रॉन जाडीच्या, केसाहून कितीतरी बारीक अशा काचेच्या गाभ्यातून प्रकाशाची स्पंदने धावतात. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ही काच नेण्याची योजना केंद्राने 2011 साली मंजूर केली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. मात्र काच ग्रामपंचायतीत पोचणे आणि घरात पोचणे यांत दोन वहाळ, एक देवराई आणि भाऊबंदकीतील एक वादग्रस्त जमीन एवढे अंतर असते, आणि ते पार करण्याचे काम बहुधा गावच्या केबलवाल्याकडे येते. तो तार विजेच्या खांबांवरून, खांब संपल्यावर पोफळींवरून आणि पोफळी संपल्यावर ज्याच्याशी बोलणे आहे त्याच्या आंब्यावरून आणतो. या तारेवर तीन संकटे येतात. वादळ हे पहिले: 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत खांबच लोळवले, तेव्हा त्यांच्यावरच्या तारांची चौकशी करायला कोणी उरले नाही. दुसरे रस्त्याच्या कामावरील जेसीबी. तिसरे आणि सर्वांत नियमित संकट म्हणजे वानर, जे तारेवरून चालते, तारेला लोंबकळते आणि वेळ असल्यास तार चावूनही पाहते.

तार तुटल्याचे निदान घरबसल्या होते. फायबरच्या डब्यावर, म्हणजे प्रकाशाचे रूपांतर विजेच्या संकेतांत करणाऱ्या यंत्रावर, ‘एलओएस’ नावाचा एक दिवा असतो, आणि पलीकडून प्रकाश येणे थांबले की तो लाल होतो. फोन केल्यावर पलीकडून, “काका, डबा बंद करून चालू करा,” असे सांगण्यात येते. काकांनी ते आधीच केलेले असते, तरीही ते पुन्हा करतात, कारण याखेरीज त्यांच्या हाती काही नसते. तुटलेली टोके विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावी लागतात आणि त्यासाठी लागणारे यंत्र महाग असल्याने ते सहसा पंचक्रोशीत एखाद्याकडेच असते. तो आला की पडवीच्या पायरीवर बसून काचेचे टोक सोलतो, स्पिरिटने पुसतो, यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन टोके समोरासमोर आणतो आणि सगळ्या घराचा श्वास रोखला गेला असताना आधी चहा घेतो.

उपग्रहाचा मार्ग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सुमारे 35,786 किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला अर्धा सेकंद जातो, त्यामुळे मीटिंगमध्ये दोघे एकदम बोलतात आणि एकदमच गप्प बसतात. 550 किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांत हा दोष नाही. त्यांना मोकळे आकाश मात्र लागते, आणि माडांच्या बागेत ते शोधून काढावे लागते.

वीज गेल्यावर यांपैकी कोणताही डबा चालत नाही. बहुतेक डब्यांना 12 व्होल्ट पुरतात, म्हणून छोटा बॅटरीचा यूपीएस कित्येक तास साथ देतो. मोठा इन्व्हर्टर असला, तरी त्यावर डब्याआधी आजीच्या मालिकेचा हक्क असतो. विजा कडाडू लागल्या की डब्याची पिन काढून ठेवणे इष्ट, कारण काच वीज वाहून आणत नसली तरी घरातले प्लग ते काम चोख करतात.

निवड करताना म्हणून पत्रक बाजूला ठेवून वाडीत चौकशी करावी, आणि तीही मे महिन्यात न करता जुलैच्या मध्यावर, जेव्हा कोणाकडे नेट चालू आहे हे लपून राहत नाही. तार जोडणारा मुलगा कोणत्या वाडीत राहतो आणि त्याचे स्वतःचे घर त्याच तारेवर आहे का, हे विचारावे. असल्यास अर्धे काम झाले. जोडीला दुसऱ्या कंपनीचे एक मोबाइल कार्ड ठेवावे, मात्र दोन्हींचा मार्ग एकाच खांबावरून जात नाही याची खात्री करून घ्यावी. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते, तिचा मोह टाळावा. पैसे महिन्याच्या महिन्याला आणि रोखच द्यावेत: एक तर त्यानिमित्ताने तो मुलगा दारापर्यंत येतो आणि येता येता आंब्यावरची तार पाहून जातो, आणि दुसरे म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायला नेट लागते.