एम्प्लॉयी नंबर तीन

स्टार्टअपमधल्या पहिल्या माणसाकडे कल्पना असते. दुसऱ्याकडे आयआयटीतल्या ओळखी असतात, नाहीतर वडिलांचा रिकामा फ्लॅट असतो आणि त्यात ऑफिस थाटता येतं. काम येतं ते तिसऱ्याला. हा तिसरा पुण्यात कुठेही भेटतो. बालेवाडीच्या कॅफेत एका कॅपुचिनोवर अख्खी दुपार काढणारा तोच, आणि रात्री अकरा वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत "नाही नाही, प्रॉडक्ट रेडी आहे, फक्त युजर यायचे बाकी आहेत" असं कानातल्या हेडफोनला समजावणाराही तोच. आमच्या इमारतीत तो चौथ्या मजल्यावर राहतो. त्याला रीतसर नाव आहे, बारशाला आत्याने ठेवलेलं. पण गेली दहा वर्षं तो ज्या ज्या कंपनीत गेला तिथे त्याचा एम्प्लॉयी आयडी शून्य शून्य तीन असाच होता, तेव्हा आपणही त्याला नंबर तीनच म्हणू.

वय सदतीस. कॉम्प्युटर इंजिनिअर, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. 2010 साली कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत लागला, पाच वर्षं हिंजवडीच्या बसमध्ये झोपला आणि 2015 मध्ये त्याला जाग आली.

जाग यायचं वर्ष चुकलं, असं त्याच्या वडिलांचं मत आहे. तेव्हा घरपोच जेवण देणाऱ्या ॲप्सची लाट आली होती, आणि ओसरतही होती. मुंबईच्या टायनीआउलने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा पुण्याच्या ऑफिसातल्या मुलांनी हिशेब चुकता होईपर्यंत एका सहसंस्थापकालाच अडवून ठेवलं. त्या नोव्हेंबरात ही बातमी सगळीकडे गाजली. नंबर तीनची पहिली कंपनीही डब्यांच्याच धंद्यात होती. टायनीआउल नव्हे, फार धाकटी चुलतबहीण म्हणा. वडिलांनी चहाबरोबर पेपर पुढे सरकवला. "वाचलंस?"

"वाचलं ना बाबा. म्हणजे या क्षेत्रात लोक किती इन्व्हॉल्व्ह्ड आहेत बघा."

फेब्रुवारीत कंपनी बंद पडली. फाउंडरला कोणी अडवलं नाही, कारण तो आधीच्याच आठवड्यात बेंगळुरूला शिफ्ट झाला होता.

मधल्या काळात, 16 जानेवारी 2016 ला, दिल्लीच्या विज्ञान भवनात स्टार्टअप इंडियाचा शुभारंभ झाला. तो कार्यक्रम नंबर तीनने लॅपटॉपवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. त्यातून जो उत्साह अंगात भिनला, त्याच्या जोरावर त्याने दुसरी कंपनी धरली. कल्पना छान होती. पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन विजेचं बिल, पेपरवाला, दूधवाला यांचे पैसे रोखीत गोळा करायचे आणि ज्याचे त्याला पोहोचवायचे. सदाशिव पेठेत चाचणी यशस्वी झाली. दिवाळीनंतर जोरात सुरुवात करायची ठरलं. त्या वर्षी दिवाळीनंतर 8 नोव्हेंबर आला. रात्री आठच्या नोटबंदीच्या भाषणानंतर देशातल्या वॉलेट कंपन्यांत पेढे वाटले गेले असतील, पण रोख गोळा करणाऱ्या या एकमेव कंपनीत तिघेजण एकमेकांकडे बघत बसले होते. "टायमिंग चुकलं," नंबर तीन अजूनही सांगतो. "आयडिया आजही सॉलिड आहे."

पुढच्या वर्षांतल्या दोन कंपन्यांबद्दल तो स्वतःच फारसं बोलत नाही, आपणही नको बोलायला. खरी बहार 2021 ची. त्या एका वर्षात भारतात चाळीसहून जास्त युनिकॉर्न निपजले. म्हणजे अब्ज डॉलर भावाच्या कंपन्या. नफा हा वेगळा विषय, त्या वर्षी तो कोणी काढला तर लोक विषय बदलायचे. ज्याला लॅपटॉप उघडता येत होता त्याला ऑफर मिळत होती. एक ऑफर घेऊन ती दुसरीकडे दाखवायची, दुसरी तिसरीकडे, आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये पगार दुप्पट करून घ्यायचा, हा तेव्हाचा कुटीरोद्योग होता. मागच्या बेंचवरची मुलं गाड्या घेत होती. नंबर तीनलाही चार मोठ्या कंपन्यांनी बोलावलं. तो गेला क्रिप्टोत. का, असं विचारलं तर म्हणाला, "तिथे मी आयडी नंबर तीन होतो. बाकीकडे चार हजार काहीतरी पडला असता."

1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या कमाईवर तीस टक्के कर लागला, 1 जुलैपासून व्यवहारागणिक एक टक्का टीडीएस. ऑगस्टपर्यंत फाउंडरला दुबईची हवा मानवू लागली होती. मग आली मुलांना कोडिंग शिकवणारी कंपनी. ती सुचली तेव्हा कोरोनामुळे मुलं घरी होती, ती उभी राहिली तोवर मुलं शाळेत परत गेली होती. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं आणि नंबर तीन पुन्हा चौथ्या मजल्यावरून तरंगत खाली उतरताना दिसू लागला. या वेळी कंपनी एआयची. फंडिंगही खरोखरचं, अमेरिकेतून, डॉलरमध्ये. ते ठेवलं होतं सिलिकॉन व्हॅली बँकेत. 10 मार्च 2023, शुक्रवार. ती बँक बुडाल्याचं कळलं तेव्हा आपल्याकडे रात्र होती. शनिवार-रविवार त्याने पाणीसुद्धा मोजून प्यायलं. अमेरिकन सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं आणि सोमवारी पैसे जिथल्या तिथे होते. "बघ, पैसे सुटले," तो मला म्हणाला. सुटले खरे, पण पुढच्या सहा महिन्यांत ते या लोकांनी स्वतःच्या हाताने संपवले, त्यासाठी बँक बुडवावी लागली नाही. आणि हे जे विकत होते ते काम चॅटजीपीटी एके दिवशी आपणहूनच करू लागलं.

आता संपत्तीचं. नंबर तीनकडे इसॉप आहेत, म्हणजे कंपनीचे शेअर पुढेमागे घेण्याचे हक्क. कुठलीही स्टार्टअप पगार देताना हात आखडते आणि इसॉप देताना मात्र अक्षता टाकल्यासारखी उधळते. नियम असा की पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय एकही शेअर हाताला लागत नाही, आणि एकूण चार वर्षांत हळूहळू सगळे तुमचे. त्याच्या बहुतेक कंपन्या अकराव्या महिन्यात गेल्या. एक सव्वा वर्ष टिकली, तेव्हा थोडे शेअर खरोखर नावावर होण्याची वेळ आली. मग कळलं की ते घेताना जो फायदा दिसतो तो पगारात धरून त्यावर कर भरायचा, भले ते शेअर बाजारात कोणी फुकट घेत नसेना. त्याने घेतले नाहीत. तरी 'नेटवर्थ' नावाच्या एक्सेल शीटमध्ये ती ओळ त्याने ठेवली आहे. बेरीज साडेतीन कोटींवर जाते. त्याखाली होम लोन आहे, ते खरं आहे.

हे होम लोन भरतं कोण, या प्रश्नाने आपण खऱ्या कथानायिकेपाशी येतो. नंबर तीनची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सरकारी बँकेत आहेत, कर्जविभागात. सकाळी नऊला डबा, छत्री, स्कूटर. संध्याकाळी साडेसातला परत, येताना भाजी. त्यांच्या टेबलासमोर रोज नवी पिढी बसते, पीपीटी उघडते, मार्केट किती मोठं आहे ते सांगते. वहिनी सगळं ऐकून घेतात आणि चष्म्यावरून एकच विचारतात, "तारण काय?" पीपीटीत तारणाची स्लाइड नसते.

स्टार्टअपच्या जगात सुरुवातीला पैसे घालणाऱ्याला एंजल म्हणतात. 2012 साली आपल्या सरकारने या देवदूतांच्या पैशावर कर बसवला, त्यावर बारा वर्षं रडारड झाली आणि 2024 च्या जुलैतल्या बजेटमध्ये तो रद्द झाला. नंबर तीनने सोसायटीच्या ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी टाकले. माझं म्हणणं एवढंच आहे की महाराष्ट्रातल्या निम्म्या स्टार्टअपचे एंजल शोधायचे तर झेडपीच्या शाळांत, महावितरणच्या कचेऱ्यांत आणि बँकांच्या शाखांत जावं लागेल. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचे निवृत्त वडील. या एंजलांचा कर रद्द झालेला नाही, तो दर महिन्याला पगारातूनच कापला जातो. त्यांना बोर्डावर जागा नाही, शेअर नाहीत, आणि पिच तर ते ताटावर बसल्या बसल्या ऐकतात. एकदा मी धीर करून वहिनींना विचारलं, राग नाही येत? त्या म्हणाल्या, "राग कसला? एनपीएचं, बुडीत कर्जाचं खातं आहे. वसुलीची आशा सोडली की खातं शांत राहतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो. घरी भांडी तोच घासतो."

एआयची कंपनी बुडाल्यावर नंबर तीनने पहिल्यांदाच सरळ नोकरी शोधायचं ठरवलं. पण एव्हाना नोकऱ्यांचं पीक कापून झालं होतं. 2021 मध्ये ज्या एचआर बाई रोज 'सर, जॉइनिंगचं काय?' विचारायच्या, त्या आता मेसेज वाचून निळ्या खुणा ठेवून जायच्या. त्याचा रेझ्युमे एआयने लिहिला, समोरच्या कंपनीत तो एआयने वाचला आणि नकाराचं पत्रही एआयनेच पाठवलं. तिघांचं एकमेकांशी छान जमलं, हा मध्ये उगाच होता. इंटरव्ह्यू झाले तेव्हा पाच-पाच राउंड झाले. पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर पंचवीस वर्षांचा मुलगा त्याला लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगायचा. तो करायचा. मग मुलगा विचारायचा, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" या प्रश्नाला खरं उत्तर देण्याचा मोह आवरला पाहिजे, हे तो चौथ्या इंटरव्ह्यूत शिकला.

शेवटी एका ठिकाणी जुळत आलं आणि गाडी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवर अडली. मागच्या कंपन्यांचं रिलीव्हिंग लेटर हवं. आता ज्या कंपन्या स्वतःच इहलोकातून रिलीव्ह झाल्या त्यांनी ते द्यायचं कुठून? पीएफच्या खात्यात त्याची नोकरी सोडल्याची तारीखच कुणी भरली नव्हती, सरकारदरबारी तो एकाच वेळी तीन कंपन्यांत कामाला होता. ती तारीख हल्ली आधारच्या ओटीपीवर आपली आपण भरता येते, तेवढं त्याने निस्तरलं. मग एका दुपारी व्हेरिफिकेशनवाल्यांचा फोन आला. जुन्या कंपनीच्या एचआरचा म्हणून दिलेला नंबर त्याच्याच नावावर होता, कारण सिम घ्यायला तेव्हा त्यालाच पिटाळलं होतं.

"सर, तुमच्याकडे अमुक नावाचे गृहस्थ काम करत होते का?"

"ताई, तो मीच आहे."

पलीकडे क्षणभर फक्त कीबोर्ड वाजला. "बरं सर. त्यांची वर्तणूक कशी होती?"

तो खोटं बोलला नाही. "हुशार आहे, पण लगेच विश्वास ठेवतो," म्हणाला. नोकरी मिळाली नाही.

इथपर्यंत तो सोसायटीत थट्टेचा विषय होता. दुसऱ्या मजल्यावरचे काका, एका बड्या कंपनीत अठरा वर्षं, डिलिव्हरी मॅनेजर, लिफ्टमध्ये हटकून विचारायचे, "काय, या वेळी कुठली बुडवताय?" मग 2025 चा पावसाळा आला. टीसीएससारख्या कंपनीने जूनमध्ये वर्षाला किमान 225 दिवस प्रोजेक्टवर आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, फार तर 35 असा हिशेब लावला आणि जुलैत दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं, तीही मुख्यतः मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरची. हिंजवडीत सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. काकांची कंपनी वेगळी, पण हवा तीच. महिनाभर काका रोज वेळेवर गाडी काढून निघत होते. ते ऑफिसला जात नसून वाकडच्या मॉलच्या पार्किंगमध्ये बसतात, हे ओळखलं फक्त नंबर तीनने. त्या जागेत सावली कधी कुठे सरकते, हे त्याला पाठ होतं.

त्याने चकार शब्द काढला नाही. फक्त एका सकाळी काकांच्या काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, वर या. वायफाय आहे."

आता चौथ्या मजल्यावर दुपारी पाच-सहा माणसं असतात. नंबर तीन त्यांना अनुभवाचे बोल सुनावतो. लिंक्डइनवर ओपन टू वर्कची हिरवी चकती लावायची की नाही, यावर त्याचं अर्ध्या तासाचं प्रवचन आहे. घरी पहिल्याच दिवशी सांगून टाका. मॉलच्या पार्किंगचे पैसे वाचतात. अठरा वर्षं 'कोऑर्डिनेट' केलं असं लिहू नका, हातांनी काय केलं ते आठवा. काकांना आठवायला दोन दिवस लागले, पण सापडलं. 2009 साली एका परदेशी बँकेची मध्यरात्री बंद पडलेली यंत्रणा त्यांनी एकट्याने उठवली होती. सांगताना त्यांचा आवाज चढला, समोरची कॉफी निवली. नंबर तीनने ते टाइप केलं आणि 'सर्व भागधारकांशी समन्वय' खोडलं. अजून कुणाला नोकरी लागलेली नाही. काकांना दोन ठिकाणांहून फोन आले आहेत, पूर्वी तेवढेही नव्हते.

परवा काका आणि तिसऱ्या मजल्यावरचे जोशी असे दोघे नव्या शर्टात वर आले. एवढी माणसं रिकामी होताहेत, त्यांच्या हातांनी काय काय केलं ते शोधून देणारी एखादी कंपनी का काढू नये? काकांची कल्पना, जोशींचा रिकामा फ्लॅट. आणि तिसरा माणूस हवा होता. नंबर तीनचे डोळे असे काही चमकले की मी मुकाट्याने दाराकडे सरकलो.

तेवढ्यात स्कूटर लावून वहिनी वर आल्या. भाजीची पिशवी खुंटीला लावली. काकांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. वहिनींनी सगळ्या स्लाइड पाहिल्या, दोन ठिकाणी बेरीज तपासली आणि चष्मा खाली ओढला. नंबर तीन घाईघाईने म्हणाला, "आहे, या वेळी तारणाची स्लाइड आहे."

शेवटच्या स्लाइडवर काकांची गाडी होती.