चेहरा आधीच ठरलेला

बातमीत आरोपी दाखवलाच नव्हता. तरी ६० टक्क्यांहून अधिक प्रेक्षक म्हणाले, आम्ही त्याला पाहिलं. त्यांतले ७० टक्के म्हणाले, तो काळा होता.

लॉस एंजेलिसमधला हा प्रयोग फ्रँकलिन गिलियम आणि शांतो अय्यंगार यांनी २००० साली प्रसिद्ध केला. गुन्ह्याची बातमी एकच. एका गटाला संशयित गोरा दिसला, दुसऱ्याला तोच चेहरा संगणकावर काळा केलेला, तिसऱ्याला चेहराच नाही. या तिसऱ्या गटाने रिकामी जागा मनानेच भरली. ते खोटं बोलत नव्हते. स्थानिक वाहिन्यांनी रोज रात्री त्यांच्याकडून हेच गिरवून घेतलं होतं. अमेरिकेला निघालेल्या भाच्याला ‘काळ्यांच्या वस्तीत फिरकू नकोस’ असं बजावणाऱ्या आपल्या काका-मामांचीही शिकवणी इथलीच.

या वाहिन्यांना खून परवडतो. महापालिकेचं बजेट समजून घ्यायला डोकं आणि वेळ लागतो, खुनाला एक कॅमेरा आणि पोलिसांची पिवळी फीत पुरते. पण मला जास्त खुपते ती दाखवण्याची रीत. माध्यमांचे अभ्यासक रॉबर्ट एन्टमन यांनी शिकागोच्या वाहिन्या तपासल्या, तेव्हा काळा आरोपी गोऱ्यापेक्षा अधिक वेळा पोलिसांच्या पकडीत दिसला, आणि अधिक वेळा निनावी. नाव सांगितलं की तो कुणीतरी एक माणूस असतो. नाव गाळलं की गुन्हा सगळ्या वस्तीच्या माथी बसतो.

बॉस्टनमध्ये ऑक्टोबर १९८९मध्ये चार्ल्स स्टुअर्टने आपल्या गरोदर बायकोचा खून घडवला आणि एका काळ्या माणसाने दोघांवर गोळ्या झाडल्याचं सांगितलं. सीबीएस वाहिनीच्या ‘रेस्क्यू ९११’ या कार्यक्रमाचे कॅमेरे त्या रात्री रुग्णवाहिकेच्या पथकाबरोबर होते, रक्ताने माखलेलं जोडपं सगळ्या देशाने पाहिलं. पोलिसांनी मिशन हिल भागातल्या काळ्या पोरांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या. जानेवारीत बनाव फुटला. शहराची औपचारिक माफी आली २०२३ साली.

असा संशय आणि एवढा उशीर, दोन्ही टाळता येतात. पोलिसांनी दिलेल्या वर्णनात वंश आणि अंदाजे वय याखेरीज काहीच नसेल, तर ते वर्णन वाहिनीने देऊ नये. त्यावरून कुणी पकडला जात नाही, रस्त्याने जाणारा प्रत्येक काळा तरुण मात्र संशयित ठरतो. आणि ज्याच्या हातात बेड्या दाखवल्या, तो निर्दोष सुटला तर तीही बातमी त्याच वेळेला, तेवढीच मोठी दाखवा.