पूर्ण तिकिटाचे अर्धे प्रवासी

महाराष्ट्रातील पर्यटनविषयक लेखनात एक गृहीतक इतके मुरलेले आहे की ते आता कोणी शब्दांत मांडतही नाही: पर्यटकाच्या दाराशी चारचाकी उभी असते आणि तिची किल्ली कोणातरी मोठ्या माणसाच्या खिशात असते. ‘शहरापासून अवघ्या २० किलोमीटरवर’ या सर्वमान्य वाक्यातील ‘अवघ्या’ हा शब्द मोटारवाल्याने मोटारवाल्यासाठी घडवलेला असून फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या व्याकरणात तो बसत नाही. भंडारा जिल्ह्यातील शहापूर येथून १३ ते १७ वर्षे वयाच्या आठ-दहा मुलामुलींना, म्हणजे ज्यांना त्या भागात लाडाने आणि रागाने सारखेच ‘पोट्टे’ म्हटले जाते त्यांना, मोटारीवाचून एका दिवसात शहर दाखवून परत आणायचे झाल्यास जी खटपट करावी लागते, तिला शास्त्राचा दर्जा मिळू नये, ही उच्चशिक्षणाचीच हानी होय.

शहापूर हे भंडारा शहराच्या पश्चिमेस, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ६ वर वसलेले आहे. गुजरातेतील हजिऱ्यापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जाणारा हा मार्ग गावाच्या दारातून रात्रंदिवस वाहत असल्यामुळे येथे वाहनांचा तुटवडा आहे असे म्हणण्याची सोय नाही. तुटवडा आहे तो थांबणाऱ्या वाहनांचा. या ठिकाणी ‘थांबा’ या संज्ञेचा खुलासा आवश्यक ठरतो. थांबा म्हणजे जेथे बस थांबते ती जागा, असा अर्थ कोशात सापडेल. व्यवहारात थांबा म्हणजे जेथे प्रवासी थांबतो ती जागा. एसटीच्या गाड्यांत साधी, जलद, निमआराम अशा जाती असून ‘विनाथांबा’ ही त्यांतील सर्वांत कुलीन, कारण दोन मोठ्या शहरांच्या मधल्या गावांकडे ती पाहतही नाही. याउलट ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही योजना लोकशाही वळणाची आहे, परंतु तिच्यातील पहिला अर्धा भाग तेवढा प्रवाशाच्या हाती असतो. दहा पोट्ट्यांनी एकदम हात दाखवल्यास चालकाला ती विनंती वाटेल की रास्ता रोको, हे सांगता येत नसल्याने जाणता नियोजक एका चष्मेवाल्या मुलीच्या पाठीला दप्तर अडकवून तिला रस्त्याच्या कडेला उभी करतो आणि उरलेल्या नऊ जणांना, बस पूर्ण थांबून दार उघडेपर्यंत, पानठेल्यामागे दडवून ठेवतो.

नियोजनाचा पाया अर्थातच अंदाजपत्रक, आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत किशोरवयाचे सारे तत्त्वज्ञान दडलेले असते. एसटीत ५ ते १२ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट लागते. बारावे सरले की महामंडळ त्या जीवास संपूर्ण मनुष्य मानते आणि त्याच्याकडून संपूर्ण भाडे घेते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत लागू झाल्यामुळे मुलीचे बालपण ज्या दिवशी संपते त्याच दिवशी तिची महिला म्हणून नेमणूक होते आणि तिचे अर्धे तिकीट अखंड चालू राहते. मुलाला मात्र पुढचे अर्धे तिकीट वयाच्या ६५ व्या वर्षी, म्हणजे ५३ वर्षांच्या तपश्चर्येनंतर लाभते, आणि ७५ पूर्ण झाल्यावर तर तो राज्यभर फुकट हिंडू शकतो, फक्त बसच्या पायऱ्या चढण्यापुरते गुडघे तोवर शाबूत असावे लागतात. विद्यार्थ्यांच्या पासाचा येथे उपयोग नाही, कारण तो घर ते शाळा एवढ्याच मार्गावर चालतो आणि विद्यार्थ्याने पाहावे असे त्या मार्गाबाहेर काही असेल हे त्या पासाला ठाऊक नसते. शाळेने सहल काढल्यास सवलत आहे हे खरे, परंतु ती शाळेने मागायची असते. पोट्ट्यांनी आपसांत ठरवलेली सहल ही शैक्षणिक परिभाषेत सहल नसून पळून जाणे ठरते.

बाराव्या वर्षी बहाल केलेली मनुष्यत्वाची ही सनद बसच्या दारातून उतरताच परत घेतली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडी चालवण्याचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो. १६ व्या वर्षी मिळतो तो ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरता, आणि तशी पेट्रोलवरची दुचाकी आज दुकानात मिळणे दुरापास्त असल्याने कायद्याने दिलेले हे स्वातंत्र्य चालवण्यापेक्षा काचेच्या कपाटात ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याच्या पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे ‘बाबा, गाडी द्या नं’ या जुन्या घरगुती वाक्याला आता फौजदारी अंग फुटले आहे. ज्याला मत नाही, परवाना नाही, लॉजात खोली नाही, परंतु तिकीट पूर्ण आहे, असा हा नागरिक असून पर्यटन धोरणात त्याचा उल्लेख बहुधा ‘कुटुंबासह’ या शब्दातच उरकला जातो.

नागपूर कशाला, आपला जिल्हाच आधी पाहावा, असे सुचवणारे थोर लोक प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्याकडे मोटार असते. भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनदारास मालगुजार म्हणत. धानाला पाणी मिळावे म्हणून त्या काळात बांधलेले तलाव मालगुजारी गेल्यावर शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून कागदोपत्री ‘मामा तलाव’ झाले. ज्या मुलांना मोटारवाला मामा नाही त्यांच्यासाठी जिल्ह्यात मामांची अशी मुबलक तरतूद आहे, मात्र या मामांपर्यंत पोचायला पुन्हा दुसऱ्या मामाची गाडी लागते. २०१३ मध्ये घोषित झालेल्या कोका अभयारण्यात पर्यटकाने वाहनातूनच फिरायचे असते, म्हणजे तेथे पायी हिंडण्याचा अधिकार फक्त वाघाला आहे. राहता राहिली पवनी, जेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. इतिहासाच्या पुस्तकातले गाव आपल्याच जिल्ह्यात असल्याचे कळल्यावर एखाद्या मुलाने उत्साहाने रेल्वेचा नकाशा उघडलाच, तर त्याची गाठ ‘रोड’ या पारिभाषिक शब्दाशी पडते.

रेल्वेच्या परिभाषेत स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागले की गाव तेथे नाही, असे समजावे. भंडारा रोड स्थानक वरठी येथे आहे, तुमसर रोड देव्हाडी येथे आहे आणि पवनी रोडपासून पवनी बरीच दूर आहे. एकाच जिल्ह्याच्या वाट्याला असे तीन ‘रोड’ यावेत, हा योगायोग नसून भाग्य होय. त्यातही पवनी रोडवरून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे तेथे काही काळ स्थानकात गाव नव्हते आणि रुळांवर गाडीही नव्हती. इतकी निखळ रिकामी अवस्था साधायला योग्यांना वर्षे लागतात.

अखेर सर्व वाटा नागपूरकडे वळतात. शहापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या या शहरात मार्च २०१९ पासून मेट्रो धावू लागली, आणि तिच्या पूर्व-पश्चिम मार्गिकेचे पूर्वेकडचे टोक, प्रजापती नगर, नेमके भंडारा मार्गावर आहे. मोटार नसलेल्यांच्या बाजूने नियतीने केलेली ही एकमेव चूक म्हणावी लागेल. या चुकीचा लाभ घेण्याची योजना ओट्यावर बसून आखली जाते आणि ती आखणारे काका हे अशा प्रत्येक योजनेचे आद्यपीठ असतात. कागद म्हणजे एखाद्या लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू, तिच्यावर पट्टीने आखलेले तीन रकाने, आणि त्यांत ९.३० दीक्षाभूमी, १०.१५ अजब बंगला, ११.०० रमण विज्ञान केंद्र, १२.४० ते १२.५५ भोजन, १.०० सीताबर्डीचा किल्ला, असा दिवस मिनिटामिनिटाने ओवलेला असतो. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात, ते सोमवारी बंद असते, आणि सहलीसाठी सर्वांना सोयीचा वार सोमवारच निघतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून सामान्यांना वर्षातील मोजक्या दिवशीच खुला असतो. तरीही तो यादीत असतो, कारण यादी काकांनी केलेली असते आणि काकांनी तो बाहेरून पाहिलेला असतो.

दीक्षाभूमीसाठी राखलेली ४५ मिनिटे हा या कागदावरचा सर्वांत धाडसी आकडा होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या स्थळी भंडाऱ्याकडून आलेल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळले, की १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडारा मतदारसंघातूनच लोकसभेसाठी उभे होते आणि तेथे पराभूत झाले, तर ती साहजिकच ‘आपल्या लोकांनी त्यांना का नाही निवडून दिलं?’ असे विचारणार. या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर विज्ञान केंद्र रद्द करावे लागते. काका घड्याळाकडे पाहतात आणि ‘चला, चला, मेट्रो सुटेल’ म्हणतात, वास्तविक ती सुटली तरी थोड्या वेळात दुसरी येतेच, आणि बसच्या हिशेबाने जगलेल्या माणसाला हे शेवटपर्यंत पटत नाही.

खुद्द पोट्ट्यांची यादी त्याच पत्रिकेच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, ‘चि. सौ. कां.’च्या शाईवर चढलेली असते आणि ती अशी वाचता येते: सरकता जिना (दोनदा), तर्री पोहे, मेट्रोत खिडकीजवळ उभे राहून फोटो, चार्जिंग. काकांच्या स्थळांपैकी एकही तीत नाही, यावरून नव्या पिढीला इतिहासाची आस्था नाही असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. पण ज्यांनी सकाळी तासभर पानठेल्यामागे उभे राहून बसची वाट पाहिली आहे, त्यांना न मागता येणारा, न विचारता वर नेणारा आणि वय न पाहणारा सरकता जिना प्रेक्षणीय वाटला, तर तो त्यांच्या अभिरुचीचा दोष मानावा की परिवहन व्यवस्थेचा, यावर मतभेद होऊ शकतात.

दिवसाचा शेवट झिरो माइलपाशी होतो. देशाचा मध्यबिंदू म्हणून लोकमानसात प्रसिद्ध असलेला हा वालुकाश्माचा स्तंभ इंग्रजी अमदानीतील भूमापनाची खूण असून त्याच्यालगत चार घोडे आहेत, आणि हैदराबाद, रायपूर, जबलपूर किती मैलांवर आहे तेही तेथे कोरलेले आहे. जबलपूरचे अंतर दगडावर मिळते. शहापूरला थांबणाऱ्या बसची वेळ मात्र चौकशीच्या खिडकीवर विचारावी लागते. दहाही जण घोड्यांसह छायाचित्र काढतात. चारही घोडे पाय उचलून सज्ज, आणि जागचे हलत नाहीत.

सायंकाळी गणेशपेठेच्या बसस्थानकावर जी गाडी हाती लागते ती विनाथांबा निघते, आणि दिवेलागणीनंतर दुसरीची वाट पाहण्याइतका जीव काकांपाशी उरलेला नसतो. महामार्गावर गाडी भरधाव असताना खिडकीतून आधी जवाहरनगरचे दिवे, मग आपले गाव, सकाळचा तो पानठेला आणि ठेल्याशी दुचाकी लावून हात हलवणारे बाबा दिसतात, आणि मागे जातात. भंडारा स्थानकावर उतरून शहापूरच्या दिशेची साधी गाडी शोधावी लागते. तीत वाहक टॉर्चच्या उजेडात एकेकाचा चेहरा न्याहाळतो, मिसरूड फुटू पाहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलापाशी क्षणभर थबकतो, आणि तिकीट पूर्ण फाडतो.