अमेरिकेची घडी

नुसतं राजूर म्हटलं तर ऐकणारा घोटाळतो. राजूर कॉलरी म्हटलं की त्याला पत्ता लागतो. वणीहून निघालं की चुन्याच्या भट्ट्या, मग कोळशाची धूळ, आणि त्या पांढऱ्या-काळ्याच्या मधे आमच्या क्वार्टरांच्या लाइनी. इथं माणसाला उठवायचं काम खाणीच्या भोंग्याचं. पाळी कुणाचीही असो, झोप सगळ्यांची मोडायची. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी छत्तीसगडी, कुणाच्या घरी वऱ्हाडी. पण भोंग्याची भाषा सगळ्यांना सारखी कळायची.

अशा गावात उशाशी स्वतःचा गजर ठेवणारा माणूस म्हणजे नदीकाठी राहून बाटलीचं पाणी पिणारा. आमच्या लाइनीत असा एक होता. माझ्या आणि त्याच्या घरात फक्त एक भिंत, म्हणून हे लिहायचा अधिकार मला आहे.

आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. काकाजी वेकोलित, म्हणजे खाणीच्या कंपनीत, हाजरीबाबू होते. दुसऱ्यांच्या येण्याच्या वेळा लिहून लिहून त्यांचं अक्षर सुरेख झालं होतं. स्वतः मात्र शर्टाची शेवटची दोन बटणं रस्त्यात लावत जायचे. कुणी टोकलंच तर त्यांच्याकडे भूगोल तयार असायचा.

"हे पाहा भाऊ, भारताचा टाइम साडेब्याऐंशी रेखांशावरचा. ती रेघ जाते तिकडं मिर्झापूरकडून. आपलं राजूर एकोणऐंशीच्या जवळपास. एका अंशाले चार मिनिटं. म्हणजे सूर्यच आपल्याकडं चौदा मिनिटं मागून येते. मी सूर्याच्या टाइमावर चालतो."

हिशेब बिनचूक आहे, मी तपासून पाहिलाय. फक्त तो मस्टरला लागू होत नाही.

२००८ च्या दिवाळीत काकूंचा भाचा अमेरिकेतून आला आणि येताना ती घडी घेऊन आला. (आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात. मनगटावरची असो की भिंतीवरची.) काळी, गुळगुळीत, लहान गुळाच्या ढेपेएवढी. समोर निळे आकडे. वर एक खाच, तिच्यात तीस बारीक पिना, आणि त्या खाचेत आयपॉड उभा करायचा. आयपॉड निघाला २००१ साली. पुढं चार-पाच वर्षांत त्याला उशाशी बसवून गाण्यानं उठवणारी घड्याळं तिकडच्या बाजारात आली. कर्णकर्कश टिणटिणाटाऐवजी आवडीचं गाणं लागणार आणि माणूस हसतमुखानं उठणार, अशी त्यामागची कल्पना. काकूंनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "पण आपल्या घरी पाच वाजता उठायचं हाय कोणाले?"

बाहेरून आलेल्या वस्तूचा मालक ही एक वेगळी जात आहे. पूर्वी ही माणसं परदेशी टॉर्च दिवसा लावून दाखवायची, ट्रान्झिस्टर खांद्याला लावून वरातीत फिरायची. त्यांची एक खूण सांगतो. वस्तू त्यांच्या कामाला येत नाही, तेच वस्तूच्या कामाला लागतात. काकाजी दुसऱ्याच दिवशी लागले.

आधी प्लगच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटात जाईनात. त्या गेल्या असत्या तर घडी गेली असती, कारण तिकडची वीज ११० ते १२० व्होल्टची आणि आपली २३०. मग नागपूरला सीताबर्डीवर जाऊन काकाजींनी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणला. तो रात्रभर घूंऽऽ करायचा. घडीपेक्षा ट्रान्सफॉर्मर जड, ट्रान्सफॉर्मरपेक्षा काकाजींचा चेहरा अभिमानानं जड. रात्री दहाला वेळ मिळवली, पाचाचा गजर लावला, आयपॉड खाचेत बसवला आणि काकाजी झोपले.

गजर झाला सहा चोवीसला.

दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. पुन्हा सहा चोवीस. म्हणजे घडी बिघडलेली नव्हती. बिघडलेली वस्तू इतकी नेमाची नसते. शेवटी वणीच्या एका इलेक्ट्रिकवाल्या पोरानं कोडं सोडवलं. "काकाजी, हे घडी विजेचे ठोके मोजते. अमेरिकेत सेकंदाले साठ ठोके, आपल्याकडं पन्नास. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवते जी, ठोके नाही वाढवत." थोडक्यात, तासामागं दहा मिनिटं मागं. सूर्य चौदा मिनिटं मागून येतो म्हणणाऱ्या माणसाच्या नशिबी रात्रीत चौऱ्याऐंशी मिनिटं मागं पडणारी घडी यावी, यात मला तरी काव्यगत न्याय दिसतो.

दुसऱ्या कुणीही घडी उचलून माळ्यावर टाकली असती. काकाजी हाजरीबाबू होते. त्यांनी मस्टरचा एक कोरा कागद घेतला, लाल शाईनं उभ्या रेघा मारल्या आणि तक्ता केला. पहिला रकाना: झोपण्याची वेळ. दुसरा: गजर किती वाजताचा लावावा. साडेनऊ – तीन पंचेचाळीस. दहा – तीन पन्नास. साडेदहा – तीन पंचावन्न. अकरा – चार. शेवटच्या रकान्यावर त्यांनी 'शेरा' असंही लिहिलं होतं आणि त्याखाली काहीच नव्हतं. तो तक्ता त्यांनी पलंगाच्या वर, दत्ताच्या फोटोशेजारी चिकटवला. रोज रात्री मोबाइलवरून वेळ मिळवायची, तक्ता पाहायचा आणि गजर लावायचा. मोबाइलमध्ये गजर होता. हे मी एकदाच बोललो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पंगतीत बसून मी डबा उघडला.

आता घडी खरोखर पाचाला वाजू लागली. पण काय वाजायचं? आयपॉडमध्ये भाच्याची गाणी होती. म्हणजे ढोल, मग गिटार, मग एक माणूस हातोडा पायावर पडल्यासारखा ओरडायचा. पहिल्या पहाटे आमच्या लाइनीतली सात घरं उठली, कुत्री उठली. पलीकडच्या म्हाताऱ्या मावशी खाणीत काही झालं समजून पदर खोचून रस्त्यावर आल्या. मी धावत जाऊन काकाजींचं दार वाजवलं.

"काकाजी! घडी वाजून राहिली ना!"

आतून बऱ्याच वेळानं आवाज आला. "मंग? वाजू दे ना भाऊ. त्याच्यासाठीच तर आणली."

पुढं काकाजींना वाटलं की पहाटे राष्ट्रसंतांचं खंजिरी भजन लागावं. विचार चांगला होता. तुकडोजी महाराजांच्या माणसांत पहाटेच्या सामुदायिक ध्यानाला मोठा मान आहे. काकाजी ध्यानाला कधी गेले नव्हते, पण ध्यान त्यांच्याकडे यावं अशी त्यांची तयारी होती. वणीच्या कॅफेत त्यांनी आयपॉड दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला. त्यावर एक सूचना आली. ती इंग्रजीत होती आणि काकाजी घाईत होते. आयपॉड एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या गाण्यांशी संसार करतो. नवं घर केलं की जुनं पुसून टाकतो. भाच्याची दोन हजार गाणी गेली. कॅफेवाल्याकडची सात आली: पाच भजनं आणि, पोराची आवड म्हणून, दोन लावण्या.

आयपॉडला गाणी उलटसुलट क्रमानं वाजवायचीही सोय असते. ती कुणी चालू केली हे शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं खरं की एकादशीच्या पहाटे काकू तुळशीपाशी दिवा लावत होत्या आणि आतून ढोलकीची थाप पडली. त्या दिवशी काकाजी पहिल्यांदा गजराच्या आधी उठले. काकूंनी उठवलं.

खरा ताप मात्र गाण्यांचा नव्हता, वरच्या मोठ्या बटणाचा होता. ते दाबलं की गाणं गप्प, आणि नऊ मिनिटांनी परत चालू. ही नऊ मिनिटांची सवलत अमेरिकेतल्या घड्याळांत १९५६ पासून आहे, आणि ती दहा नसून नऊच का याची कारणं जो तो वेगळी सांगतो. आपल्या विजेवर त्या नवाची जवळजवळ पावणेअकरा व्हायची. काकाजींचा हात झोपेतही अचूक पडायचा. आम्ही भिंतीपलीकडे जागे, पुढच्या भजनाची वाट पाहत. एक बटण, दोन बटणं, तीन. चौथ्याला माझा चहा होऊन जायचा. गंमत म्हणजे त्या वर्षी आमच्या लाइनीतलं एकही पोर शाळेत उशिरा गेलं नाही. एका पोरानं तर स्कॉलरशिपच्या परीक्षेचा अभ्यास काकाजींच्या गजरावर केला, आणि पेढे द्यायला आला तेव्हा काकाजी झोपले होते.

वीज गेली की मात्र शांतता. परत आली की घडीवर १२:०० लुकलुकत राहायचे आणि काकाजी तक्त्यासमोर उभे राहून डोकं खाजवायचे, कारण वीज मध्येच गेली तर काय, याचा रकाना त्यांनी केलेला नव्हता. शेऱ्याखालची जागा बहुधा त्यासाठीच असावी.

वर्षं गेली. २०१२ साली आयफोनची तीस पिनांची खाच जाऊन लहानशी आली. भाच्याच्या नव्या फोनला काकाजींच्या घडीत बसायला जागा उरली नाही. आयपॉडची बॅटरी फुगली. मे २०२२ मध्ये आयपॉड बनवणंच बंद झाल्याची बातमी आली. मी ती काकाजींना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आता हे मिळणारच नाही कोणाले." आणि त्यांनी घडीवरचा क्रोशाचा रुमाल सरळ केला. भाव वाढल्यासारखा.

काकाजी आता रिटायर आहेत. जायचं कुठंच नसतं, तरी रोज चारला आपोआप जाग येते. उठतात, आंघोळ करतात, सहाला मोबाइल पाहून घडी मिळवतात आणि तिच्यासमोर चहा घेतात. तक्ता अजून दत्ताशेजारी आहे, कडा पिवळ्या झाल्यात, लाल रेघा तशाच.

तुम्ही कधी राजूरला आलात तर काकाजींकडे चहाला जरूर बसा. माणूस मायाळू आहे, उठू देत नाही. फक्त निघायचा अंदाज त्या घडीवरून घेऊ नका. तिच्यावर पाच चाळीस दिसत असले, तर बाहेर रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि वणीचा ऑटो मिळणं कठीण असतं.